पिरानेसीच्या नावाने विकलेला मग

माझे सर स्थापत्याचा इतिहास शिकवायचे. रोमच्या पॅन्थिऑनवर, म्हणजे तिथल्या घुमट असलेल्या प्राचीन मंदिरावर, बोलायला लागले की तास संपल्याचं भान कुणालाच राहायचं नाही. त्यांना भेट म्हणून काय द्यावं हे शोधताना एका ऑनलाइन दुकानात सिरॅमिकचा मग दिसला. ‘पिरानेसीच्या १८व्या शतकातील मूळ कोरीवचित्रावरून, भट्टीत भाजलेली छपाई, रंग कधीही न जाणारा’ असं वर्णन होतं. पिरानेसी म्हणजे रोमच्या इमारतींची चित्रं धातूच्या पत्र्यावर कोरून छापणारा इटालियन कलाकार. फोटोत मग तिरका ठेवलेला, अर्ध्या चित्रावर सावली. तपकिरी रेघांचं जाळं, पॅन्थिऑनचा घुमट, खांब. मला जुनं वाटायला तेवढं पुरलं. रिव्ह्यूही भरपूर होते. नंतर नीट वाचले तेव्हा दिसलं, जवळपास सगळे ‘पॅकिंग छान, लवकर मिळालं’ एवढंच सांगत होते. चित्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

गिफ्ट पॅकिंग सांगितलं होतं, म्हणून खोकं न उघडता तसंच ठेवलं. इथेच मी चुकलो. परत करण्याची मुदत १४ दिवसांची होती आणि सरांनी खोकं उघडलं तो ११वा दिवस.

सरांनी मग उजेडात फिरवला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ धरला. म्हणाले, “पिरानेसी म्हणतोस ना? मनोरे कुठं गेले?”

पिरानेसीचा काळ १७२० ते १७७८. तेव्हा पॅन्थिऑनच्या दर्शनी त्रिकोणामागे, दोन बाजूंना, घंटांचे दोन छोटे मनोरे उभे होते. १७व्या शतकात बसवलेले, १८८३ मध्ये काढून टाकलेले. पिरानेसीने हे पॅन्थिऑन डोळ्यांनी पाहून तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं, त्यामुळे त्याच्या चित्रात मनोरे आहेत. आमच्या मगावर त्या जागी मोकळं आकाश होतं. त्यानंतर सरांनी बोट ठेवत खांब मोजले. पुढच्या ओळीत आठ हवेत, इथे सात. खांबांच्या वर अग्रिप्पा या रोमन सेनानीच्या नावाचा लॅटिन लेख असतो, तिथे लांबून अक्षरांसारखं दिसणारं काहीतरी होतं, एक शब्द लागेना. हे कुठलंच जुनं चित्र नव्हतं. एखाद्या संगणकाकडून ‘जुन्यासारखं’ बनवून घेतलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. याचं दुःख पैशांपेक्षा जास्त झालं, कारण खरं चित्र कुठे लपलेलं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींच्या प्रतिमा कुणालाही वापरायला खुल्या केल्या आहेत. त्यात पिरानेसीही आहे. प्रामाणिकपणे छापायला विक्रेत्याला काहीच अडचण नव्हती.

भाजलेली छपाई हेही खोटंच निघालं. खऱ्या भाजकामात चित्राचा डेकल, म्हणजे छापील पातळ पापुद्रा, मगाच्या काचेसारख्या चकचकीत थरावर (ग्लेझवर) चिकटवतात, नंतर तो मग साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत जातो आणि रंग ग्लेझशी एकजीव होतो. आमचा मग सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने शाई उतरवण्याच्या पद्धतीचा होता. त्यात मगावर आधीच पॉलिमरचा (प्लास्टिकसारखा) पातळ थर असतो आणि कागदावरची शाई साधारण २०० अंशांना त्या थरात उतरते. ही पद्धत वाईट नाही, फोटोच्या मगांना चांगली आहे. पण तिला भाजकाम म्हणून विकणं ही फसवणूक आहे. सरांकडे थोड्याच धुण्यांत घुमटाची कड पांढुरकी झाली.

सरांनी खोकं उघडलं त्याच दिवशी मी विक्रेत्याला लिहिलं होतं. उत्तर इतकं गोड की मी निर्धास्त झालो. “माफ करा, चुकून दुसऱ्या बॅचमधला गेला, नवीन पाठवतो, तक्रार नोंदवू नका, आमचं रेटिंग जातं.” दोन दिवसांनी “पॅक झालाय.” मग “कुरिअरकडे दिलाय.” चौथ्या दिवशी ट्रॅकिंग नंबर मागितला तर उत्तर आलं, “हाताने केलेल्या वस्तूत थोडा फरक असतोच.” मुदत आदल्याच दिवशी संपली होती. हे सगळं बोलणं त्याने दुकानाच्या चॅटमधून बाहेर, खासगी मेसेजवर नेलं होतं, त्यामुळे साइटकडे दाद मागितली तेव्हा त्यांच्या नोंदीत माझी एकही ओळ नव्हती. “मुदतीत तक्रार आलेली नाही,” म्हणून त्यांनी प्रकरण बंद केलं. नवा मग येणार असला, तरी साइटवर तक्रार पहिल्याच दिवशी, चित्राच्या फोटोंसकट टाकायला हवी होती. नवा आला असता तर ती मागे घेता आली असती.

मग सरांच्या टेबलावर आहे, त्यात पेन्सिली ठेवतात. मी न्यायला गेलो तर देत नाहीत. म्हणतात, “राहू दे, मुलांना दाखवायला उपयोगी आहे.”

गेल्या आठवड्यात तोच तिरका फोटो वेगळ्या नावाच्या दुकानात दिसला. वर्णन शब्दशः तेच. या वेळी फोटो मोठा केला आणि सावलीतल्या भागापर्यंत खांब मोजत गेलो. सात.