अण्णांचा ऑक्सिमीटर : पाचपैकी तीन

मिरजेत आयसीयूत सिस्टर म्हणून चौदा वर्षं झाली, पण बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजायचा ऑक्सिमीटर पदरच्या पैशाने पहिल्यांदाच घेतला. अण्णांना सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार) आहे, ते गावी राहतात आणि फोनवर कायम एकच उत्तर, "बरं हाय." म्हणून हा आणला, मेडिकलमधून, 1,150 रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतले सगळे एकमेकांचे चुलतभाऊच दिसतात.

आणल्या आणल्या आत स्केचपेन घालून बघितला. कोविडात पेनालाही 97 दाखवणारी यंत्रं निघाली होती ना! याने नुसत्या रेघा दाखवल्या. पास. मग डॉक्टरांना सांगून दोन पेशंटना लावला, एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या, रिपोर्टशी ताडून बघायला. एकाचा एबीजीत 93, यात 94. झकास. दुसऱ्याला नॉरॲड (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) चालू, त्यामुळे बोटं बर्फासारखी. तिथे एबीजीत 86 आणि हा पठ्ठ्या बिनधास्त 91 सांगतोय. शिवाय स्क्रीनवर नाडीची लाट दिसत नाही, नुसती एक दांडी वरखाली होते, म्हणजे सिग्नल धड आहे की नाही ते कळायला मार्ग नाही.

कातडीच्या रंगाचंही आहेच. 2020 मध्ये अमेरिकेत बघितलं गेलं, तेव्हा यंत्र 92 ते 96 दाखवत असताना प्रत्यक्षात 88 च्या खाली असलेले गोऱ्यांत शंभरात चारही नव्हते, काळ्या पेशंटमध्ये जवळपास बारा. अण्णांचा जन्म उन्हात गेलेला. त्यांचा 90 मी दोन कमीच धरते.

आता खरी तक्रार. अलार्म कंपनीतूनच 94 वर लावलेला येतो आणि सोबतच्या कागदावर सीओपीडीचा अवाक्षराने उल्लेख नाही. अण्णांना डॉक्टरांनी 88 ते 92 सांगितलंय. म्हणजे त्यांनी बोट घातलं की यंत्र बोंबलणारच. दुसऱ्याच आठवड्यात धाकट्या भावाने घाबरून कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरचं ऑक्सिजनचं मशीन, 1 लिटरवरून 4 वर नेला. आकडा 98, घरात आनंदीआनंद. रात्री फोनवर अण्णा अर्ध्या वाक्यात थांबायला लागले, जीभ जड. पोटात गोळाच आला. सीओपीडीत जास्तीच्या ऑक्सिजनने हेच होऊ शकतं: ऑक्सिजन भरपूर, पण आत कार्बन डायऑक्साइड साठत चाललेला, आणि तो हे यंत्र मोजतच नाही. "आधी 1 वर आण, मशीन बंद करू नकोस, आणि गाडी काढ," एवढंच भावाला म्हटलं. दोन रात्री बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन) काढल्या.

(गॅस गीझरच्या धुरातही हा 98 दाखवेल बरं का. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यातला फरक त्याला कळत नाही.)

तरी परत केला नाही. बोट गरम करून, हात टेकवून, मिनिटभर थांबून घेतलेला आकडा रोज वहीत लिहिला, तर कालच्यापेक्षा आज काय ते नीट कळतं. शेजारी भाऊ श्वास मोजून लिहितो. अंक ठळक, चिमटा मऊ, अण्णांना चष्म्याशिवाय वाचता येतं.

बटण दाबून धरलं की सेटिंग उघडतं, तिथे अलार्म 87 वर आणला. पण सेल बदलले की स्वारी पुन्हा 94 वर. मग अण्णांचा फोन, "बाई, ते वरडाय लागलंय बघ परत."