फायबरची गाडी गंजत नाही म्हणे! कुर्ल्यात करून घेतलेलं अंडरबॉडीचं काम, एक पावसाळा काढल्यानंतर

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. सॅन स्टॉर्म, दोन सीटची, टप उघडणारी, गोव्यात बनलेली, आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, रजिस्ट्रेशन २००२ चं. सिग्नलला पोरं फोटो काढतात आणि "अंकल कितीला घेतली" विचारतात, त्यांना वाटतं काहीतरी परदेशी प्रकरण आहे, आणि मी पण त्यांचा गैरसमज दूर करत नाही. रविवारी सकाळी सहाला टप खाली करून वरळी सी फेसला एक चक्कर, एवढंच तिचं आयुष्य.

आता गंमत अशी की ही गाडी घेतली तेव्हापासून प्रत्येक जण मला सांगत आलाय की तुला गंजाचं टेन्शन नाही, बॉडी फायबरची आहे. बॉडी फायबरचीच आहे हो, पण ती बसलीय लोखंडाच्या चौकटीवर, आणि पत्र्याच्या गाडीत निदान रंगाला फोड येतात, दाराखाली तांबडा डाग दिसतो, म्हणजे गाडी स्वतः सांगते की बाबा बघ माझ्याकडे. फायबर काहीच सांगत नाही. वरून चकाचक, आणि खाली जे व्हायचं ते होत राहतं.

त्यात मी २०१९ ला एक शहाणपणा केला. एका चकचकीत डिटेलिंगवाल्याकडून (नाव घेत नाही, उगाच वाद नको) गाडीच्या पोटाला, म्हणजे अंडरबॉडीला, काळं रबरी कोटिंग मारून घेतलं. साडेचार हजार, वर पाच वर्षांची वॉरंटी. अकराला प्रेशर वॉश, एकला स्प्रे, तीनला गाडी हातात. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की दोन तासांत पाणी वाळलं कधी? पण काळं कुळकुळीत दिसत होतं, मी खूश. २०२२ ला पासिंगला पण कोणी हरकत घेतली नाही, घेणार कशी, सगळं झाकलेलं.

यंदा एप्रिलमध्ये सायलेन्सरचा हँगर तुटला म्हणून गाडी कुर्ल्याला नेली, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत, पाटी पण धड नाही त्या वर्कशॉपला. तिथले मिस्त्री चिपळूणकडचे, साठीच्या आसपासचे. त्यांनी रॅम्पवर गाडी घेतली, बॅटरी मारली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत ठोकत गेले. टक टक टक, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली आल्यावर आवाज बदलला, भद्द. मला म्हणाले, "टोचू का? नंतर माझ्यावर यायचं नाय." मी म्हटलं टोचा. स्क्रूड्रायव्हर दोन बोटं आत गेला. मग त्यांनी त्या काळ्या कोटिंगची कड नखाने धरून ओढली तर हातभर पट्टा अख्खा निघाला, सायकलच्या ट्यूबसारखा, आणि त्याच्या मागे कांद्याच्या पापुद्र्यासारखे गंजाचे थर. हात लावला तर ओलं. एप्रिल महिन्यात, पाऊस थांबून सहा महिने झाल्यावर, ओलं!

कारण नंतर कळलं. गंजावर कोटिंग मारलं की गंज थांबत नाही, वरचा थर कडक होतो, खड्ड्यांतली खडी लागून कुठेतरी चीर पडते, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. शिवाय आपल्याकडच्या हवेत मीठ, आणि मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे आतला थर वाळतच नाही. थोडक्यात मी साडेचार हजार देऊन गंजाला रेनकोट घातला होता.

आता काम काय केलं ते नीट सांगतो, कारण पैसे त्याचेच आहेत.

पहिले दोन दिवस नुसतं खरवडणं. हीट गन आणि स्क्रेपरने जुनं कोटिंग काढलं, मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून पत्रा उघडा केला. दोन जागा गेलेल्याच होत्या, तिथे कापून नवीन दोन एमएमची पट्टी. इथे मिस्त्रींना मानलं, कारण वेल्डिंगची आच फायबरला लागली तर ते जळतं, म्हणून फायबरवर ओलं गोणपाट, बॅटरीची वायर काढलेली, आणि एक पोरगा नुसता बाटली-पिचकारी घेऊन उभा. हे वेल्डिंग आधीच उरकायचं असतं, मेण किंवा तेल मारल्यावर वेल्डिंग म्हणजे आग लावून घ्यायचं काम.

चौकटीची पाइप कापली तेव्हा आतून राखाडी गाळ पडला, बारीक, सुकलेला, चमचाभर असेल. मला आधी कळेना, मग ट्यूब पेटली. पहिला मालक कालिन्याचा, गाडी विकताना कौतुकाने सांगत होता की २६ जुलैला सीटपर्यंत पाण्यात होती तरी सुरू झाली. २००५ ची २६ जुलै, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर. त्यातला चमचाभर मी इतकी वर्षं वरळीला फिरवून आणत होतो.

मग जिथे पत्रा स्वच्छ पांढरा निघाला तिथे झिंक प्रायमर (जस्ताचा पहिला हात), आणि जिथे खड्ड्यात गंज उरलाच तिथे टॅनिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचाच टिकाऊ काळा थर करणारं औषध. हे बघायला मजा येते, तांबडा डाग अर्ध्या तासात जांभळट काळा पडतो, डोळ्यांसमोर. रात्रभर ठेवून वर एपॉक्सी रंगाचा कडक थर. मी विचारलं की सगळीकडेच झिंक का नाही, तर म्हणाले की झिंकला खाली उघडं लोखंड लागतं, गंजावर किंवा कन्व्हर्टरवर मारून उपयोग नाही. (पोर्शवाल्यांनी ९११ ला १९७६ च्या मॉडेलपासून पत्राच जस्त चढवलेला वापरला, त्यांचं बरं आहे. आमच्या गोव्याच्या पोरीला आता म्हातारपणी जस्त.)

सगळ्यात महत्त्वाचं काम दिसतच नाही. पाइपच्या आतून मेण. लांब बारीक नळी, टोकाला चहूबाजूंनी उडणारा नोझल, असलेल्या भोकांतून आत घालून हळूहळू ओढत बाहेर. गंज आतून सुरू होतो आणि बाहेरून कितीही थापा, आत काही पोचत नाही. मेण पाणी निघायच्या भोकांतून टपकायला लागलं की समजायचं सगळीकडे गेलं, आणि नंतर तीच भोकं तारेने मोकळी करायची, नाहीतर पुन्हा आत तलाव. आधीच्या डिटेलिंगवाल्याने चारपैकी तीन भोकं कोटिंगने बुजवली होती, हे पण तेव्हाच दिसलं.

बाहेरून, चाकांच्या कमानी सोडून, सगळीकडे लॅनोलिन. म्हणजे मेंढीच्या लोकरीची चरबी. हे वाळत नाही, चिकटच राहतं, ओरखडा पडला तर बऱ्यापैकी परत सरकून झाकतं, आणि मुख्य म्हणजे पारदर्शक, खाली गंज आला तर दिसतो. मला तेवढंच हवं होतं. कमानींना मात्र खडी लागते म्हणून तिथे जाड स्टोन गार्ड, म्हणजे खडीचा मार सोसणारं कोटिंग, पण आता स्वच्छ पत्र्यावर. ब्रेक डिस्क, सायलेन्सर, रबरी बुश सगळं पेपर-टेपने झाकून, हे मी उभं राहून बघितलं.

बिल सव्वीस हजार आठशे, त्यात वेल्डिंगचेच नऊ. स्वस्त नाही. पण प्रत्येक टप्प्याचे फोटो न मागता व्हॉट्सॲपवर आले.

तक्रारी आहेतच. चार दिवस सांगून नऊ लावले. फोन उचलत नाहीत, उचलला तर "होतंय होतंय". सीटवर ग्रीसचा पंजा, अजून गेलेला नाही. आणि घरी आणल्यावर तीन दिवस गाडी टपकत होती, स्टिल्ट पार्किंगच्या नवीन लाद्यांवर पिवळे डाग, सेक्रेटरी काकांनी मला खाली बोलावून दाखवले आणि मी गुडघ्यावर बसून केरोसीनने पुसले. पुठ्ठा अंथरा असं मिस्त्रींनी सांगायला हवं होतं. वास तर विचारू नका, ओल्या घोंगडीचा, पहिले दोन आठवडे बायको गाडीत बसली नाही.

आता पावसाळ्यानंतरचं. जुलैत सरासरी आठशे मिलीमीटरच्या वर पडतो आपल्याकडे, आणि मी मुद्दाम गाडी झाकून ठेवली नाही, चालवली, फक्त घरी आल्यावर खालून साध्या नळीने गोडं पाणी मारत होतो, प्रेशर वॉश नाही कारण त्याने लॅनोलिन उडून जातं. नोव्हेंबरमध्ये परत रॅम्पवर घेतली. पुढच्या चाकांच्या मागे लॅनोलिन धुऊन गेलंय, एपॉक्सी शाबूत. जॅक लावायच्या जागी प्रायमर खरचटून रुपयाएवढा तांबडा डाग, तो तिथल्या तिथे घासून मारून घेतला. बाकी कोरडं. लॅमिंग्टन रोडवरून नऊशेचा केबलवाला कॅमेरा आणलाय, तो पाइपमध्ये घालून बघितलं तर मेण अजून पिवळं, जिथल्या तिथे. वेल्ड केलेल्या जागी पण.

लॅनोलिन दरवर्षी एप्रिलमध्ये परत मारावं लागणार, त्याचे अडीच हजार सांगितलेत. ज्यांना एकदाच मारून विसरून जायचंय त्यांनी या भानगडीत पडू नये. मी पाचपैकी चार देईन, एक त्या सीटवरच्या पंज्यासाठी कापला. एप्रिलची वेळ आत्ताच घेऊन ठेवलीय, आणि फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पण जपून ठेवलाय, कपाटामागे.