टॉमकॅट की वाइल्डफ्लाय: कॉन्फिगरेशन चुकल्यावर कोण बोलतं?

जावाचं वेब ॲप्लिकेशन चालवायला टॉमकॅट हा सर्व्हर घ्यायचा की वाइल्डफ्लाय, असं कोणी विचारलं की गप्पा लगेच मेमरी, वेग आणि किती थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) झेपतात यावर जातात. माझ्या कामात या गोष्टींनी निर्णय फिरला, असं एकदाही झालं नाही. वेळ खाल्ला तो दुसऱ्याच गोष्टीने. सर्व्हर सुरू आहे, लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) वरवर पाहता शांत आहे, आणि ॲप्लिकेशन मात्र चालत नाही. कुठल्यातरी फाइलमध्ये एक शब्द चुकलाय आणि तो शोधायचाय. अशा वेळी कोणता सर्व्हर मदतीला येतो, एवढ्याच अंगाने हे लिहितोय.

मी पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो. वॉर फाइल, म्हणजे जावा ॲप्लिकेशनचं बांधलेलं गाठोडं, एकच, पण ती चालते त्या मशीन निरनिराळ्या. कुठे विंडोज, कुठे उबुंटू, कुठे संस्थेच्या कार्यालयात फायलींच्या कपाटाशेजारी ठेवलेला सर्व्हर. काही वर्षं दोन्ही सर्व्हर एकाच वेळी सांभाळले, म्हणून दोघांबद्दल बोलायचं धाडस करतोय. नवं काम स्प्रिंग बूटवर सुरू करणार असाल तर टॉमकॅट आतच येतो आणि हा प्रश्न बराचसा मिटतो. हे आहे ते अजूनही वेगळ्या सर्व्हरवर वॉर टाकणाऱ्यांसाठी.

आधी टॉमकॅट. त्याचं मला मनापासून कौतुक आहे. त्याची मुख्य सेटिंगची फाइल, सर्व्हर.एक्सएमएल, एका बैठकीत वाचून होते आणि वाचली की कळते. अडलात तर तुमच्याआधी तिथे कोणीतरी अडलेलं असतंच, आणि त्याचं उत्तरही सापडतं. टॉमकॅट सुरू करणाऱ्या कॅटलिना.एसएच स्क्रिप्टला 'कॉन्फिगटेस्ट' सांगितलं की एखादा टॅग बंद करायचा राहिलाय का, हे सर्व्हर सुरू न करता समजतं. नव्या मुलाला शिकवायचं असेल तर मी आजही टॉमकॅटपासूनच सुरुवात करतो.

त्याचे त्रास बहुतेक 'कुठे काय आहे' या जातीचे. विंडोजवर सर्व्हिस म्हणून चालवलात तर सेटएनव्ही.बॅटमध्ये कितीही मेमरी वाढवा, ती फाइल वाचलीच जात नाही. ते आकडे रजिस्ट्रीतून येतात आणि टॉमकॅट९डब्ल्यू.एक्सई उघडून बदलावे लागतात. उबुंटूच्या पॅकेजमधून टॉमकॅट ९ बसवलात तर लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीने त्याला कुंपण घातलेलं असतं. ॲप्लिकेशनने अपलोडचं फोल्डर बाहेर कुठे ठेवलं असेल तर मालकी आणि परवानग्या सगळ्या बरोबर असूनही 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' म्हणून नकार येतो. मग सर्व्हिसच्या फाइलला 'रीडराइटपाथ्स'ची ओळ जोडायची. या गोष्टी एकदा माहीत झाल्या की संपल्या, म्हणून त्यांचा राग नाही.

'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट' हा संदेश मात्र अजून खुपतो. ॲप्लिकेशन उठलं नाही एवढंच तो सांगतो, तपशील 'योग्य त्या लॉगमध्ये' बघा म्हणतो, आणि तुम्ही मुख्य लॉग, कॅटलिना.आउट, वरखाली करत बसता. तपशील असतो तारखेच्या नावाने बनणाऱ्या लोकलहोस्टच्या लॉगमध्ये. टॉमकॅटच्या लॉगिंगमध्ये एखाद्या लॉगरला (नोंद करणाऱ्याला) स्वतःचा हँडलर (ती फाइलमध्ये लिहिणारा) दिला की तो वरच्या लॉगरकडे काही पाठवत नाही, आणि मूळच्या लॉगिंग.प्रॉपर्टीजमध्ये लोकलहोस्टला तसा हँडलर दिलेलाच असतो. म्हणजे नेमकं जे वाचायला हवं ते आपण बघत असलेल्या फाइलमध्ये येतच नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. टॉमकॅट ७ पर्यंत वेब पत्त्यातली अक्षरं मुळातच आयएसओ-८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपीय लिपीची संकेतपद्धती, समजून वाचली जात. सभासदांच्या यादीत 'पाटील' शोधलं की काही सापडायचं नाही, कारण आत पोचायची ती भलतीच चिन्हं. विनंत्या घेणाऱ्या कनेक्टरवर यूआरआय-एन्कोडिंग यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीही समजणारी पद्धत, लिहिलं की प्रश्न सुटायचा. आमच्याकडे मात्र आधीच्या कोणीतरी कोडमध्येच अक्षरं उलटसुलट फिरवून घेतली होती. टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ मूल्य झालं, आणि आता बरोबर आलेली देवनागरी तो जुना कोड पुन्हा आयएसओमध्ये कोंबायला लागला. 'पाटील'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. यात टॉमकॅटची चूक नाही, उलट त्याने योग्य तेच केलं. पण जुनी आवृत्ती बदलणार असाल तर हे आधी तपासा. वाइल्डफ्लायच्या आतल्या वेब सर्व्हरमध्ये, अंडरटोमध्ये, यूटीएफ-८ मुळातच आहे, त्यामुळे तिथे या वाटेला जावं लागलं नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा कल बदलला ती सांगतो.

आम्ही टॉमकॅट ७ वरून ८.५ वर गेलो. ॲप्लिकेशनच्या सेटिंगची फाइल, कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल, होती तशीच नेली. डेटाबेसच्या पूलमध्ये, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात, मॅक्सॲक्टिव्ह ६० आणि मॅक्सवेट १०,००० लिहिलं होतं, म्हणजे कनेक्शन साठपर्यंत आणि वाट पाहायची ती जास्तीत जास्त १० सेकंद. सगळं सुरळीत सुरू झालं, महिनोन्‌महिने चाललं. मग ३१ मार्च आला.

पतसंस्थेतला ३१ मार्च ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सगळ्या शाखा एकाच वेळी व्याजाची आकारणी, ताळेबंद, तेरीज काढत असतात. दुपारी फोन यायला लागले, पान नुसतं फिरत राहतंय. लॉगमध्ये एकही एक्सेप्शन नाही. डेटाबेसच्या मशीनवर ताण नाही. सर्व्हर बंद करून सुरू केला की थोडा वेळ बरं चालायचं, मग पुन्हा तेच. नेटवर्कवाल्याला बोलावलं, शाखांच्या लाइनी तपासल्या, त्यात तीन तास गेले. शेवटी जेस्टॅकने थ्रेडची यादी काढली तर जवळजवळ सगळे थ्रेड पूलच्या 'बॉरोऑब्जेक्ट'पाशी वाट बघत उभे. डेटाबेसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसमध्ये, पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी ही चालू कनेक्शनची यादी पाहिली, तर आमच्या ॲप्लिकेशनची कनेक्शन मोजून आठ.

टॉमकॅट ८ मध्ये आतला पूल बदलून डीबीसीपी २ आला, आणि त्यात या दोन्ही गुणधर्मांची नावं बदलली. मॅक्सॲक्टिव्हचं झालं मॅक्सटोटल आणि मॅक्सवेटचं मॅक्सवेटमिलिस. जुनी नावं बाजूला टाकून सर्व्हर पुढे जातो आणि मूळ मूल्यं धरतो. मॅक्सटोटलचं मूळ मूल्य ८. वाट पाहण्याचं उणे एक, म्हणजे कितीही वेळ थांबा. त्या दिवशी एरर न येण्याचं कारण हेच होतं. रोजच्या कामाला आठ कनेक्शन पुरत होती, आणि वर्षअखेरीला आठ मोठे अहवाल एकदम लागले की बाकी सगळे रांगेत उभे, मुदतीशिवाय.

लॉगमध्ये तशी सूचना होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मॅक्सॲक्टिव्ह आता वापरलं जात नाही, मॅक्सटोटल वापरा, मूळ मूल्य ८ आहे, तुमचे ६० दुर्लक्षिले जाताहेत, इतकं स्पष्ट. पण ती होती इतर शेकडो ओळींमधली एक 'वॉर्निंग'. सर्व्हर.एक्सएमएलमध्येही तीच रीत आहे. कनेक्टरवर गुणधर्माचं नाव एका अक्षराने चुकवा, टॉमकॅट 'जुळणारा गुणधर्म सापडला नाही' अशा अर्थाची एक ओळ लिहितो आणि ठरलेल्या वेळेत सुरू होतो. माणूस 'सर्व्हर स्टार्टअप' ही ओळ दिसली की खिडकी बंद करतो. त्या रात्री एका संस्थेतले लिपिक अकरा वाजेपर्यंत थांबले होते, त्यातल्या एकीला घरी लहान मूल होतं. तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

अपवाद म्हणून एक उदाहरण टॉमकॅटच्या बाजूचंही देतो. २०२० च्या फेब्रुवारीत घोस्टकॅट नावाची सुरक्षेची त्रुटी बाहेर आली आणि ९.०.३१ मध्ये एजेपी कनेक्टर, म्हणजे पुढे लावलेल्या अपाची वेब सर्व्हरशी बोलणारा भाग, मुळातच बंद केला गेला. तो उघडलात पण गुप्त शब्द द्यायचा विसरलात तर कनेक्टर सुरूच होत नाही, आणि का होत नाही हे पूर्ण वाक्यात लिहिलेलं असतं. पुढे अपाची लावणाऱ्या कित्येकांची तेव्हा धावपळ झाली, आमचीही. पण पंधरा मिनिटांत कारण हातात होतं. टॉमकॅटने सगळीकडेच असं वागावं, एवढंच माझं म्हणणं.

वाइल्डफ्लाय सगळीकडेच तसा वागतो. त्याच्या मुख्य फाइलमध्ये, स्टँडअलोन.एक्सएमएलमध्ये, मॅक्स-पूल-साइझचं स्पेलिंग चुकवून बघा. सर्व्हर सुरू होत नाही. फाइलमधली ती ओळ दाखवतो, खाली खुणा करतो, इथे कोणती नावं चालतात त्यांची यादी देतो, आणि बहुतेक वेळा 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असंही विचारतो. फाइलमधल्या प्रत्येक उपप्रणालीच्या डोक्यावर आवृत्तीसह नेमस्पेस (कोणता नावांचा संच लागू आहे ते सांगणारी ओळख) असतो, त्यामुळे कोणती नावं वैध आहेत हे त्याला नेमकं माहीत असतं. पूल भरला तरी मूळ मूल्यानुसार ३० सेकंद थांबून तो स्पष्ट सांगतो की कनेक्शन शिल्लक नाही, आणि कुठल्या डेटासोर्सचं (डेटाबेसच्या जोडणीचं) तेही. त्या ३१ मार्चला हे एक वाक्य दुपारी तीनला मिळालं असतं तर संध्याकाळी सगळे घरी असते.

डेटासोर्सच नसेल तर कोणत्या नावाचा नाही हे 'मिसिंग डिपेंडन्सी'च्या यादीत येतं. टॉमकॅटवर अशाच प्रसंगी 'नल' पत्त्यासाठी ड्रायव्हर बनवता येत नाही असं काहीतरी कोड्यात वाचायला मिळतं. जेबॉस-सीएलआय या कमांडच्या साधनातून पूलची जोडणी जागच्या जागी तपासता येते. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे स्टँडअलोन_एक्सएमएल_हिस्टरी हे फोल्डर. सीएलआयमधून केलेल्या प्रत्येक बदलाआधीची प्रत तिथे आपोआप राहते. 'आम्ही काहीच बदललं नाही' असं समोरून आलं की मी आधी तिथे दोन फाइलींची तुलना करतो. वाद होत नाही, काम होतं.

त्याचेही त्रास आहेत, आणि ते छोटे नाहीत. सर्व्हर चालू असताना स्टँडअलोन.एक्सएमएल हाताने बदललीत आणि नंतर कोणी सीएलआयमधून काही केलं, की तुमचा बदल पुसला जातो, कारण सर्व्हर आपल्या मनातली प्रत फाइलवर लिहितो. फाइलमध्ये लिहिलेल्या टिपाही माझ्याकडून अशाच गेल्या. लायब्ररींच्या मॉड्यूलचा हिशोब शिकायला आठवडा लागतो. ॲप्लिकेशनचं स्वतःचं लॉगिंग का चालत नाही, या एका प्रश्नाने सगळ्यांचाच एक दिवस जातो. जेबॉस-डिप्लॉयमेंट-स्ट्रक्चर.एक्सएमएलमध्ये लॉगिंगची उपप्रणाली वगळल्यावर आमचं सुटलं. जड ॲप्लिकेशन हळू मशीनवर ३०० सेकंदांत उठलं नाही तर सगळं मागे फिरवलं जातं, ती मुदत वाढवून घ्यावी लागते. बसवल्यावर तो १२७.०.०.१ वरच ऐकतो, शेजारच्या मशीनवरून उघडत नाही म्हणून पहिल्याच दिवशी घाबरू नका. शोधताना जेबॉस ४ आणि ५ ची, म्हणजे वाइल्डफ्लायच्या आधीच्या नावाच्या जुन्या आवृत्त्यांची, उत्तरं समोर येतात, ज्यातले फोल्डर आता अस्तित्वातच नाहीत. उत्तर २०१४ च्या आधीचं असेल, म्हणजे वाइल्डफ्लाय हे नाव घेऊन आवृत्ती ८ येण्यापूर्वीचं, तर मी ते सहसा सोडून देतो.

म्हणून सरसकट सल्ला द्यायला मी कचरतो. एकच सर्व्हर आहे, तो तुमच्या नजरेसमोर आहे, ॲप्लिकेशनला सर्व्हलेटपलीकडे, म्हणजे जावाच्या साध्या वेब भागापलीकडे, काही लागत नाही आणि टॉमकॅट हातात बसलाय, तर बदलू नका. तो फार चांगला सर्व्हर आहे. पण मशीन दहा गावांत आहेत, फाइलला हात लावणारे तीन-चार जण आहेत, आणि अडचण येते तेव्हा तुम्ही तिथे नसता, अशी स्थिती असेल तर चुकीच्या फाइलवर सुरूच न होणारा सर्व्हर मला बरा वाटतो. सुरू झाला नाही तर दुरुस्ती बसवणाऱ्याच्या हातून, त्याच दिवशी होते, काउंटरवरच्या माणसापर्यंत चूक पोचत नाही.

आमच्या बहुतेक संस्था आता वाइल्डफ्लायवर आहेत. दोन अजून टॉमकॅट ९ वर आहेत आणि राहतील, कारण तिथली मशीन लहान आहेत. त्या दोन ठिकाणी सर्व्हर सुरू केला की लॉगमध्ये 'डिड नॉट फाइंड अ मॅचिंग प्रॉपर्टी' (टॉमकॅट ९ च्या नंतरच्या आवृत्त्यांत 'फेल्ड टू सेट प्रॉपर्टी') आणि 'इज नॉट यूझ्ड इन डीबीसीपी२' या दोन वाक्यांसाठी ग्रेप मारायचं, म्हणजे शोध घ्यायचा, आणि दोन्हीकडे शून्य ओळी आल्याशिवाय शाखेला 'सुरू करा' म्हणायचं नाही, असं आम्ही ठरवून टाकलंय. हीच तपासणी ३० मार्चच्या संध्याकाळी पुन्हा एकदा होते, आणि त्याबरोबर पोस्टग्रेसमधली कनेक्शनही मोजून घेतो.