फोंड्यातला ‘पुढची पिढी’ वर्ग: विषय भारी, वेळेची बोंब

फोंड्याजवळच्या एका देवळाच्या सभागृहात रविवारी हा वर्ग चालतो, भजनी मंडळ, कीर्तन, देवळाची कामं पुढच्या पिढीकडे कशी द्यायची यावर, आमच्या मंडळातले सगळे केस पिकलेले म्हणून आम्हीही वर्गाला नाव नोंदवलं. सांगणारे बुवा एकदम मस्त, उगाच प्रवचन झोडत नाहीत. गहिनीनाथांकडून निवृत्तीनाथ आणि त्यांच्याकडून धाकटा भाऊ ज्ञानेश्वर, म्हणजे गुरू मागे राहिला आणि नाव धाकट्याचं झालं, तरी मोठ्याला त्याचं काही वाटलं नाही, हे त्यांनी असं काही रंगवलं की आमचे अध्यक्ष खुर्चीत चुळबुळ करायला लागले!

गोव्यातल्या पर्तगाळी मठाचं उदाहरणही पटलं, २०२१ मध्ये विद्याधिराज तीर्थ स्वामींनंतर विद्याधीश तीर्थ स्वामी पीठावर आले पण शिष्य म्हणून दीक्षा आधीच झाली होती, म्हणजे मोठे स्वामी असतानाच तयारी. आपल्याकडे मात्र बुवा आजारी पडले की मग झांज कोण धरणार ते शोधायचं.

प्रॅक्टिकलही करून घेतात, पोरांना सुरुवातीचा अभंग घ्यायला लावतात आणि मोठ्यांनी मध्ये तोंड उघडायचं नाही, हे आमच्या काकांना भयंकर जड गेलं.

वाईट म्हणजे वेळ, सकाळचं सत्र जेवणापर्यंत लांबतं, माईक खरखरतो, पार्किंगचं तर विचारूच नका. चहा-भजी बरी. बायकांच्या फुगडी-भजन मंडळांबद्दल अवाक्षर नाही, हे खटकलं. पाचातले साडेतीन, पोरांना घेऊन जाणार असाल तरच जा.