जंगल आणि समुद्र एकाच सहलीत: सिंधुदुर्गातील एका घरगुती नियोजन सेवेचा अनुभव

आंबोलीचे जंगल पाहायचे आणि त्याच सुट्टीत मालवणच्या किनाऱ्यावरही राहायचे, हा बेत आमच्या घरात तीन वर्षे ठरत होता आणि तीन वर्षे मोडत होता. यंदा दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तो पार पडला, आणि त्याचे बरेचसे श्रेय कुडाळ तालुक्यातील एका दांपत्याला जाते. हे दोघे मोजक्या कुटुंबांसाठी सहली आखून देतात. त्यांचे कार्यालय म्हणजे घराची पडवी. तिथे एक टेबल आणि एक जुना नकाशा आहे, आणि भिंतीवर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. ते ओळखीतूनच काम घेतात आणि जाहिरात नको म्हणतात, म्हणून त्यांचे नाव लिहीत नाही. मात्र पैसे देऊन सहल आखून घेताना नेमके काय पारखावे, हे मला या अनुभवातून कळले आणि ते सविस्तर मांडावेसे वाटते.

पहिल्या फोनवर मी त्यांना आमच्या मागण्या सांगितल्या: धबधबे, बेडूक, स्कूबा डायव्हिंग, किल्ला, ताजी मासळी आणि जमल्यास दशावतार. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, ह्या सगळा एका वेळी गावाचा नाय. पाऊस खयचो आणि दर्यो खयचो, ता आधी ठरवूया." म्हणजे हे सगळे एका वेळी मिळणार नाही; पाऊस हवा की समुद्र, ते आधी ठरवू. पुढची वीस मिनिटे त्यांनी मला जे समजावले, ते त्यापूर्वी कोणत्याही सहल कंपनीच्या माहितीपत्रकात माझ्या वाचनात आले नव्हते. आंबोलीत वर्षाला सरासरी ७,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथले जंगल खऱ्या अर्थाने जिवंत असते ते जून ते सप्टेंबर या काळात. नेमक्या याच काळात समुद्र बंद असतो. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबलेल्या असतात आणि जलक्रीडाही मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद ठेवल्या जातात. उलट डिसेंबर-जानेवारीत समुद्र निवळतो, तेव्हा आंबोलीचे बहुतेक धबधबे आटलेले असतात आणि बेडूक दिसेनासे झालेले असतात. म्हणजे एकाच जिल्ह्यातील डोंगर आणि किनारा यांचे हंगाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि दोन्ही थोडे-थोडे हवे असतील तर सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य एवढीच एक चिंचोळी फट उरते.

त्या फटीतही काय मिळणार नाही, हे त्यांनी पैसे घेण्याआधी सांगितले, आणि माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच. आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा आणि २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेलेला भेक पावसाच्या सुरुवातीला थोडेच दिवस प्रजननासाठी जमतो, तेव्हा ऑक्टोबरमध्ये त्याची आशा धरू नका, असे त्या म्हणाल्या. नद्यांनी आणलेला गाळ अजून बसलेला नसल्याने पाण्याखाली फारसे दिसणार नाही, त्यामुळे स्कूबाचे पैसे वाचवा आणि ते जानेवारीसाठी ठेवा. दशावताराचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. ओल्या काजूची उसळ फेब्रुवारीनंतर आणि आंबा त्याहून उशिरा. माझ्या यादीतील जवळपास अर्ध्या गोष्टी अशा गळून पडल्या, पण जे उरले ते सगळे पाहायला मिळाले.

प्रवासाचा आराखडाही त्यांनी याच काटेकोरपणे केला. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते आणि कोकणकन्या एक्स्प्रेसच्या जागा पाहता पाहता भरतात, म्हणून कोणत्या दिवशी सकाळी तिकीट काढायचे हे त्यांनी तारखेसह कळवले. कोकण रेल्वेवर त्या दिवसांत पावसाळी वेळापत्रक लागू असते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो, हे धरून त्यांनी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काहीही ठरवले नव्हते. सावंतवाडी रोडला उतरल्यावर आमच्या सासूबाईंना, ज्यांचे वय ७१ आहे, दोन तास आडवे होता आले, मग जेवण आणि मगच घाट. आंबोलीचा घाट अंधार पडण्याआधी चढायचा, कारण संध्याकाळी धुके उतरले की वळणे दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आदल्या वर्षी अशाच घाटात रात्री साडेनऊला अडकल्यामुळे मला त्याचे महत्त्व कोणी पटवून देण्याची गरज नव्हती.

आंबोलीत दोन रात्री होत्या. मुख्य धबधब्यावर त्यांनी आम्हांला सोमवारी सकाळी नेले आणि अर्ध्या तासात तिथून हलवले. शनिवार-रविवारी तिथे होणारी गर्दी आणि मागे राहणारा कचरा मी पूर्वी पाहिला आहे, त्यामुळे ही निवड मला फार मोलाची वाटली. खरा वेळ हिरण्यकेशीला दिला. गुहेतून उगम पावणारी ही नदी अरबी समुद्र इतका जवळ असूनही पूर्वेकडे वळते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराकडे जाते. मंदिराच्या कुंडात एक लहान मासा आहे, ज्याचे वर्णन २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध झाले आणि ज्याला याच नदीचे नाव मिळाले. २०२१ मध्ये त्या परिसराला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा देण्यात आला. आमच्यासोबतच्या स्थानिक तरुणाने मुलांना काठावर पोटावर झोपवून, पाण्यात हात न घालता, तो मासा दाखवला. माझी नऊ वर्षांची मुलगी तिथे पाऊण तास हलली नाही आणि त्या तरुणानेही घड्याळाकडे पाहिले नाही.

रात्रीची जंगलफेरी दोन तासांची होती. विजेरीचा प्रकाश प्राण्याच्या डोळ्यांवर सरळ टाकायचा नाही, पान हलवायचे नाही, बेडूक उचलून हातावर घेऊन छायाचित्र काढायचे नाही, हे नियम सुरुवातीलाच सांगितले गेले आणि शेवटपर्यंत पाळले गेले. मलबारी चापडा हा हिरवट रंगाचा साप आमच्यापासून दीड-दोन हातांवर एका फांदीवर निश्चल बसला होता. तो कुणी दाखवला नसता तर आम्ही त्याच्या शेजारून निघून गेलो असतो. मलबारी उडता बेडूकही एक दिसला, बोटांमधील नारिंगी पडद्यांसह. पावसाळ्यात या बेडकांची फेसाची घरटी पाण्यावर झुकलेल्या पानांना लटकलेली असतात, हे त्या तरुणाने चित्र काढून समजावले. सासूबाई या फेरीला आल्या नाहीत. त्यांच्यासाठी घरच्या वृद्ध यजमानीणबाईंनी चुलीपाशी गप्पांची सोय केली होती, आणि तीही नियोजनातच लिहिलेली होती.

तिसऱ्या दिवशी मुक्काम सावंतवाडीला हलला आणि तिथून दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे. सहलीचा हा भाग मी स्वतः आखला असता तर यादीतच आला नसता. तिथे रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल आहे. चिखलात प्राणवायू मिळत नसल्यामुळे या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीबाहेर येतात आणि पुन्हा आत शिरतात. अशी गोड्या पाण्याची दलदलीची वने फार प्राचीन मानली जातात आणि दक्षिणेकडे केरळ-कर्नाटकात ती अधिक आहेत. महाराष्ट्रात ती टिकली ती गावाने देवराई म्हणून राखली म्हणून. या जागेलाही २०२१ मध्ये वारसास्थळाचा दर्जा मिळाला. वर्षावन हा शब्द पुस्तकात वाचणे आणि त्या काळोख्या, थंड, पाणी झिरपणाऱ्या सावलीत चपला काढून उभे राहणे यांत किती अंतर आहे, हे मला तिथे जाणवले. आम्ही निघण्याआधी नियोजकांनी गावात फोन करून दोन गोष्टी विचारल्या: गावकऱ्यांची हरकत नाही ना, आणि हत्ती जवळपास नाहीत ना. तिलारीच्या खोऱ्यात कर्नाटकातून हत्ती येऊ लागल्याला २० वर्षांहून अधिक काळ झाला आहे आणि तिथल्या बागायतदारांना त्याची मोठी झळ बसते. पर्यटकांच्या हौसेपायी त्या लोकांना आणखी ताप होऊ नये, ही काळजी मला मनापासून आवडली.

सावंतवाडीत संध्याकाळी मोती तलावाकाठी फिरणे आणि चितारआळीत लाकडी खेळणी व लाकडाचीच फळे पाहणे झाले.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिलांचा स्वामिनी बचत गट कांदळवनाची फेरी चालवतो. वल्ह्यांची होडी, इंजिनाचा आवाज नाही आणि सांगणाऱ्या त्याच गावच्या बायका. फेरीची वेळ भरतीवर ठरते आणि भरती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून त्या दिवसाचे जेवण, निघणे आणि देवबागला पोहोचणे हे सगळे भरतीच्या वेळेभोवती बसवलेले होते. पडवीतील तो कागद कशासाठी होता, हे मला तिथे समजले.

देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील अरुंद पट्टीवर एका घरी दोन रात्री राहिलो. खोल्या साध्या, पण स्वच्छ होत्या. जेवणाबद्दल मात्र लिहायलाच हवे. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, भाकरी आणि ताज्या नारळाच्या रसातली सोलकढी हे जेवण यजमानीणबाईंनी सकाळी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, काय मिळाले ते पाहून ठरवले होते. सुरमई मागणाऱ्या माझ्या नवऱ्याला त्यांनी, आज ती शिळी मिळेल, असे सांगून बांगडाच वाढला. मासे न खाणाऱ्या सासूबाईंसाठी काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळ्या आणि खापरोळ्या होत्या, आणि हे त्यांना पुन्हा सांगावे लागले नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळच्या पहिल्या होडीने गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर ज्याच्या बांधणीची सुरुवात झाली, त्या किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. मुलांना हा चकवा स्वतः अनुभवू द्यावा म्हणून वाटाड्याने आधी काही सांगितले नव्हते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, शिवराजेश्वराचे मंदिर आणि तटावरील चुन्यात उमटलेले हाताचे व पायाचे ठसे निवांत पाहायला मिळाले, कारण दहानंतरची गर्दी सुरू होण्याआधी आम्ही परतलो होतो.

आता उणिवा. पहिली गंभीर आहे. डॉल्फिन पाहण्यासाठी ठरवलेल्या खासगी बोटीवर मुलांच्या मापाचे जीवरक्षक जाकीट नव्हते. मोठ्यांचे जाकीट दोरीने आवळून देऊ, असे नावाड्याने सुचवले आणि आम्ही फेरी रद्द केली. नियोजकांनी पैसे त्याच दिवशी परत केले आणि क्षमाही मागितली, परंतु मुलांची वये दोन महिने आधी कळवलेली असताना ही तपासणी त्यांनीच करायला हवी होती. जंगलात इतकी दक्षता घेणाऱ्यांनी पाण्यावर ती दुसऱ्यावर सोपवावी, हे मला पटले नाही. दुसरी उणीव हिशेबाची. गाडीचे भाडे किलोमीटरवर होते आणि चालकाच्या घरी परतण्याच्या फेऱ्याही त्यात धरल्या जातात, हे लेखी दिले नव्हते. शेवटी २,२०० रुपये जास्त मोजावे लागले. तिसरी अशी की, मुसळधार पाऊस आला तर पर्यायी दिवस कसा असेल, हे त्यांच्या डोक्यात तयार होते, पण कागदावर कुठेच नव्हते.

नियोजनाचे शुल्क ३,००० रुपये होते आणि पाच जणांचा पाच रात्रींचा राहणे, जेवण, गाडी व फेऱ्या मिळून खर्च रेल्वे वगळता ४८,००० रुपयांच्या घरात गेला. याहून स्वस्तात सहल होऊ शकते, विशेषतः एसटीने फिरण्याची तयारी असेल तर. ज्यांना वातानुकूलित खोली, तरणतलाव आणि रात्री उशिरापर्यंत खाण्याची सोय हवी आहे, त्यांनी या दांपत्याकडे जाऊ नये; ते स्वतःच तसे सांगतात. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील, आणि पाहायच्या जागा कमी झाल्या तरी चालेल पण जे पाहू ते नीट पाहू, अशी इच्छा असेल, तर ही सेवा मला पाचपैकी चार गुणांची वाटते. पाचवा गुण त्या जाकिटापायी राखून ठेवला आहे.

फेब्रुवारीअखेर वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना दिसू शकतात, म्हणून आम्ही पुढचे तीन दिवस त्यांच्याकडेच मागितले आहेत. बाईंनी उत्तरात दोन ओळी पाठवल्या: पिल्ले कधी बाहेर येतील ते आदल्या दिवशीपर्यंत निश्चित सांगता येत नाही, तेव्हा तीनऐवजी चार दिवस ठेवा, आणि मुलांची छातीची मापे पाठवा, या खेपेस जाकिटे मी स्वतः पाहून ठेवते.