चौदा माशांचं पॅकेज

"ताई, दोनशे लिटरची टाकी आहे तुमची. चौदा काय, वीस मासे पण आरामात राहतील." दुकानदाराचं हे बोलणं ऐकून मी ११,४०० रुपये मोजले आणि पुढच्या अठरा दिवसांत बारा मासे मेले. खाऱ्या पाण्याची टाकी लावायच्या विचारात कोणी असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गोड्या पाण्यातले मासे मी कित्येक वर्षं पाळत होते. गप्पी, मॉली, एंजल. त्यामुळे मासे आणि लिटर यांचा हिशोब आपल्याला कळतो असं मला वाटायचं, आणि दुकानदारानं नेमका तोच धागा पकडला. "इतके इंच मासा, इतकं पाणी" हा ठोकताळा गोड्या पाण्यातल्या लहान माशांसाठी आहे. समुद्राचं पाणी मुळातच कमी प्राणवायू धरून ठेवतं. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, खाऱ्या पाण्यात ६.८ च्या आसपास. ठाण्यातल्या मे महिन्यात पाणी तापलं की तोही घटतो, आणि वीज गेली की पाणी फिरवणारे पंप थांबतात. असा प्रसंग दुसऱ्याच आठवड्यात आला. दीड तास वीज नव्हती आणि सगळे मासे वर येऊन तोंड उघडत होते.

बरं, ते दोनशे लिटरही खरे नव्हते. टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९१ लिटर होतात. वरची दोन इंच जागा मोकळी सोडा, तळाची वाळू आणि वीस किलो खडक वजा करा, की प्रत्यक्ष पाणी उरतं दीडशे लिटरच्या आसपास. हे गणित मी मासे मेल्यावर केलं. दुकानदाराला ते रोजच्या व्यवहारातून माहीत असणार.

पॅकेजमध्ये काय होतं तेही सांगते, कारण खरी फसवणूक आकड्यापेक्षा यादीत होती. क्लाउनफिशची जोडी, सहा हिरवे क्रोमिस, तीन डॅमसेल, एक क्लीनर रास, एक मँडरिन आणि एक दोन इंची ब्लू टँग. "टँग टाकीच्या मापानंच वाढतो," असं त्यानं माझ्या मुलीला सांगितलं. हा मासा पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि त्याला दिवसभर पोहायला लांबच लांब जागा लागते. तीन फुटी टाकीत तो खुरटतो आणि आजारी पडतो. मँडरिनबद्दल म्हणाला, "काहीही खातो." मँडरिन खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत कवचधारी जीव टिपत जगतो. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. आमचा मँडरिन दाण्यांकडे न बघता खडकावरून फिरत राहिला, पोट आत जात गेलं आणि अकराव्या दिवशी तो गेला. त्या माशाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तो आजारानं मेला नाही, उपाशी मेला.

बाकीचे अमोनियानं गेले. नव्या टाकीत माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया तयार होतो. त्याचा नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर-वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानं मला अशा जिवाणूंची एक बाटली देऊन टाकी लावल्याच्या आठव्या दिवशी मासे सोडायला लावले, तेही सगळे एकदम. बाटलीतल्या जिवाणूंनी मदत होते, पण चौदा माशांचा भार एका दिवसात कुठली नवी टाकी पेलणार? त्यात समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी.

मासे सोडल्यावर तिसऱ्या दिवशी दोन क्रोमिस मेले. मी पाणी घेऊन दुकानात गेले. त्यानं पीएच आणि क्षार तपासले. "पाणी एकदम टॉप आहे ताई, माशांना रोग झालाय," असं म्हणून ९५० रुपयांची निळ्या औषधाची बाटली दिली. अमोनिया त्यानं तपासलाच नाही. घरी स्वतःचं टेस्ट किट आणल्यावर रंग गडद हिरवा आला, म्हणजे अमोनिया भरपूर. तोवर औषध पडलेलं होतं. त्यात तांबं होतं. तांब्यानं गोगलगायी आणि कोळंबी मरतात, प्रवाळही जगत नाही. शिवाय ते खडकात मुरून पुन्हा पाण्यात उतरत राहतं. ज्या रीफसाठी, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठी, हा सगळा खटाटोप होता, तिचे वीस किलो खडक मला टाकून द्यावे लागले.

आणखी एक. त्यानं "मागच्या खोलीत ओरिजिनल समुद्री कोरल आणि समुद्रघोडे आहेत" असंही सुचवलं होतं. खडक बांधणारी सगळी प्रवाळं आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. असं कोणी दाखवलं तर त्या दुकानातून बाहेर पडा.

पैसे परत मागायला गेले तेव्हा तो म्हणाला, गॅरंटी सात दिवसांची होती. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करायला बसले आणि हातातली पावती नीट पाहिली. त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, माशांची नावंही नव्हती. "मासे, १४ नग" एवढंच पेनानं लिहिलेलं.

आता टाकीत चार मासे आहेत. वाचलेली क्लाउनफिशची जोडी, तळाशी बीळ करून राहणारा एक गोबी आणि एक फायरफिश. वर जाळी आहे, कारण फायरफिश उडी मारतो. प्रत्येक नवा मासा घेताना आधी त्याची पूर्ण वाढलेली लांबी आणि राहायची जागा बघितली, दोन खरेदींमध्ये तीन आठवड्यांचं अंतर ठेवलं आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच पुढचा आणला. गोबी घेताना नव्या दुकानदाराला म्हटलं, माझ्यासमोर खाऊन दाखवू दे. त्यानं कुरकुर न करता दाणे टाकले, गोबीनं खाल्ले, आणि मग पावतीवर माशाचं नाव लिहून घेतलं.