घुमट आरती की भजन?

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की वाड्यावर हा वाद ठरलेला: पोराला घुमट शिकवायचं की भजनाला बसवायचं?

घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवतात, त्यावर उजव्या हाताने थाप द्यायची आणि डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड झाकत-उघडत घुमारा काढायचा. जोडीला शामेळ नावाचा ढोल आणि कांसाळं, म्हणजे झांजा. पूर्वी घोरपडीचं चामडं वापरत, पण 1972च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं आणि आता बकऱ्याच्या चामड्यावर भागवतात. जुने वादक नाद बदलला म्हणून कुरकुरतात. माझ्या कानाला तो फरक फारसा कळत नाही, खरं सांगतो. हेच घुमट ख्रिस्ती घरांतल्या मांडो या गाण्याच्या प्रकारालाही साथ करतं. 2019 साली त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला.

भजनाचं तसं नाही. पेटी, पखवाज, टाळ, आणि तुकोबांचे अभंग, म्हणजे गोव्याला थेट पंढरपूरशी जोडणारा धागा. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं. इथे सूर, राग, पाठांतर लागतं, वर्षं जातात.

घुमट आठवड्याभरात हाताला लागतं, निदान आरतीपुरतं. म्हणून माझं मत घुमटाच्या बाजूने. पोराला आधी ताल भिनू दे, सुरांचं मग बघू. शेजारचे काका मात्र हे ऐकून टाळ जरा जोरातच वाजवतात.